आधी हाक

दोडामार्गच्या भाईंचा अर्धा जन्म केळीतली डुकरं हाकलण्यात गेला. एकनळी बंदूक, शेती राखायचा परवाना, आणि निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. तिथे पडून पडून गंजते, म्हणून देण्याआधी नळी धुवायची, तेल लावायचं. धुवायला रेशनचं रॉकेल असायचं. ते बंद झालं तेव्हा दुकानदाराने नळी धुण्याचं खास औषध दाखवलं, तर भाई म्हणाले, "ह्या कशाक व्हया? स्कूटरीत पेट्रोल आसा मां!"

झालं! तिन्हीसांजेला पडवीत, परातीत पेट्रोल ओतून बसले. जयवंतीवहिनी रोज त्याच वेळी तुळशीला दिवा घेऊन निघायच्या, हे काय नवऱ्याला ठाऊक नव्हतं? 'दोन मिनिटांत आटपतं' म्हणून गप्प राहिले. अहो, एक हाक मारायला काय पैसे पडत होते? पेट्रोलची वाफ दिव्यापर्यंत पोचली आणि पडवी भडकली. वहिनींना गोव्याच्या इस्पितळात नेलं, त्या परत आल्या नाहीत. बंदुकीला मेलं काही झालं नाही.

तीन वर्षं ती खुंटीलाच होती. आता बाग लेक अनुजा बघते. परवानाही तिच्या नावावर झाला, आणि परत निवडणूक लागली. भाईंना पोरीला शिकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या वासाजवळ जायचा धीर नव्हता.

अनुजाने तेच औषध आणलं. "बाबा, ह्या पेट्रोलासारख्या भडकणा नाय."

"पण पेटता. बाटलेर काय लिवलला, ता आदी वाच."

सकाळी, भर खळ्यात, वाऱ्यावर दोघं बसली. भाईंनी बंदूक उघडून आत काडतूस नाही ना, ते डोकावून पाहिलं. लेकीला हातमोजे घालायला लावले. भिजल्या चिंध्यांसाठी पाणी घातलेला झाकणाचा डबा जवळ ठेवला. बाटलीला हात लावला मात्र, आणि आतून दिवा आणू नये म्हणून घराकडे तोंड करून ओरडले, "जयवंती, दिवो हाडू नको गो!"

अनुजा चपापली. "बाबा, घरात कोण नाय."

"माका ठावक आसा." त्यांचे डोळे भरून आले होते. "तरी आदी हाक मारूची. मगे झाकण उघडूचा. आता तू मार."

अनुजाला हुंदका आवरेना. बाटली हातात घेऊन ती घराकडे वळली. "आये, दिवो हाडू नको गो!"

भाईंनी मान हलवली. मग तिने झाकण उघडलं.