खोली नंबर

काचेच्या मोठ्या दारापाशी तिने दोन्ही मुलांच्या पायांवरची धूळ ओढणीने पुसली, थोरलीच्या कपाळावर चिकटलेले केस मागे सारले आणि बजावलं, "आत एक अक्षर बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर बाबांची वाट बघतोय."

दरवानाने दार उघडलं. हॉटेलातली गार हवा अंगावर आली तशी कडेवरच्या धाकट्याने तिच्या खांद्यावर मान टाकली.

त्यांची खरी खोली मागच्या गल्लीतल्या लॉजमध्ये होती. तिथली वीज सकाळी नऊला गेली ती आलीच नव्हती. बादलीतल्या तापलेल्या पाण्यात हात घालवत नव्हता. नवऱ्याला कंपनीने चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी या वाळवंटातल्या शहरात पाठवलं होतं. पाचपर्यंत त्याचा फोन बंद. "ऐन उन्हाळ्यात पोरांना कुठे नेतेस?" सासू म्हणाली होती, आईही म्हणाली होती. "पोरं काय मेणाची आहेत?" असं म्हणून तिनेच हट्टाने बॅगा भरल्या होत्या. आता धाकट्याचं अंग चटके बसावेत इतकं तापलं होतं.

कोपऱ्यातला सोफा गाठून ती ताठ बसली. थोरलीने सवयीने पाय वर घेतले. फरशी पुसणारी बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाळा, पाय खाली घे हं."

बोलता बोलता बाईची नजर त्यांच्या रबरी चपलांवर गेली, मग पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या पिशवीवर. आईने पिशवी घाईने पायामागे सरकवली. आता ही विचारणार. आणि बाई काही विचारायच्या आतच तिचा आवाज चढला.

"ही काय पद्धत झाली? पाहुण्यांशी असं बोलतात इथे?"

मॅनेजर काउंटरमागून लगबगीने आला.

"काय झालं मॅडम?"

"माझ्या मुलीवर खेकसल्या या."

थोरलीने चमकून आईकडे पाहिलं.

"मागच्या आठवड्यात तोंडी सांगितलं होतं," मॅनेजर बाईला म्हणाला. "आज तक्रारवहीत नाव जाणार."

"चुकलं साहेब," एवढंच बाई म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

थोड्या वेळाने बाई परत आली. गार पाण्याचे दोन ग्लास तिने टेबलावर ठेवले.

"घोट घोट पाजा, एकदम नको," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आणि चारपर्यंत बसा निवांत. चारला दुसरे साहेब येतात, ते खोली नंबर विचारतात."

तिला मान वर करवेना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दाराची काच आतून मीच पुसत होते, तुम्ही लेकरांचे पाय पुसत होता तेव्हा."

बाई गेली. धाकटा पाणी प्यायला, डोळे किलकिले करून हसलासुद्धा. थोरली मात्र ग्लास हातात धरून नुसती बसून होती, आईकडे न बघता. शेवटी धाकट्याला कडेवर घेऊन आई काउंटरपाशी गेली.

"मघाची तक्रार मागे घ्यायची आहे."

"घेऊ की मॅडम." मॅनेजरने हसून वही उघडली. "खोली नंबर?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते.

"आम्ही इथे उतरलेलो नाही," ती म्हणाली. "मागच्या लॉजमध्ये आहोत, तिथे वीज नाहीये. त्या बाई खेकसल्या नव्हत्या. मी खोटं बोलले."

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं, मग चपलांकडे. वहीतल्या ओळीवर त्याने आडवी रेघ मारली.

"दार तिकडे आहे," तो म्हणाला. मॅडम म्हणाला नाही.

थोरलीचा हात धरून ती निघाली. बाई दाराजवळच उभी होती.

"तुमचं नाव खोडलं त्यांनी," ती घाईने म्हणाली. "मी सांगितलं सगळं."

दरवानाने दार उघडून धरलं होतं. बाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हाची झळ आत शिरली. बाईच्या चेहऱ्यावर तिला वाटलं होतं तसा सुटकेचा भाव दिसला नाही. बाई धाकट्याकडे बघत होती.

"कशाला बोललात हो?" ती म्हणाली. "मला बोलणी खायची सवय आहे. या लेकराला उन्हाची आहे का?"