हिरव्या पाकिटावरचे रिठे

आईच्या डोक्याला खोबरेल लावताना अनुपमाला ते लाल चट्टे बघवेनात. कानामागची कातडी तर सोलवटली होती.

"अगं, कपड्यांच्या पावडरने कुणी डोकं धुतं का?" ती ओरडली.

"पाकिटावर रिठे काढलेत ना? मला वाटलं, रिठे फोडून भिजवायची कटकट मिटली. जरा जास्तच घेतली, चूक माझीच."

पाकीट अनुपमाच्याच कंपनीचं होतं. अंधेरीच्या साबण कंपनीत जाहिराती लिहायची तिची नोकरी. भोपाळची गॅसगळती झाल्यापासून लोक केमिकलला घाबरतात, तेव्हा पाकीट हिरवं करा, असा साहेबांचा हुकूम होता. रिठ्यांचं तिलाच सुचलं, तेही घरी आईने भिजत घातलेली वाटी बघून. पावडर मात्र जुनीच, कारखान्यामागच्या नाल्यात ढीगभर फेस काढणारी. "पण आत रिठा कुठाय?" तिने विचारलं होतं. "चित्र काय कुणी उकळून बघणारे?" म्हणत साहेब हसले होते. तीही हसली होती, मूर्खासारखी.

"आई, त्यात रिठा नाहीच आहे गं. खोटं आहे ते. मीच लिहिलंय."

आईने तिचा तेलाचा हात बाजूला सारला आणि ती तशीच उठली.

"कुठे निघालीस?"

"शेजारी, रुक्मिणीकडे. आता तिच्या नातीला न्हाऊ घालतील. बाळाला सोसेल म्हणून मीच पाकीट दिलंय. नको म्हणत होती ती. मी म्हटलं, माझ्या लेकीच्या कंपनीचं आहे, डोळे मिटून वापर."