चौथा चौकोन

बूट काढायला पिंकीने भिंतीला हात टेकला आणि हात पांढरा झाला.

तिने तळव्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. एका बुटाची नाडी सुटलेली, दुसऱ्याची बांधलेली. सौंदडच्या या घराची छपरी, म्हणजे पुढची ओसरी, तिला कळायला लागल्यापासून निळी होती. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी आई घमेल्यात चुना भिजवायची, त्यात निळीची पुडी सोडायची आणि कुंच्याने आतबाहेर सगळ्या भिंती रंगवून काढायची. आता छपरी वरपासून खालपर्यंत पांढरी होती. खालच्या पट्ट्यात रंग अजून ओला होता.

"हात नोको लावू, ओलं आहे," आतून आईचा, पार्वताबाईचा आवाज आला. "रत्न्याले म्हटलं होतं, बहीण आल्याबरोबर तिले सांगजो. त तो बॅगा उतरवत राहिला टेशनावर."

पिंकी एका बुटावरच आत गेली आणि खोलीच्या मधोमध थांबली.

जमिनीवर शेणाचं सारवण नव्हतं. लाकडी फळ्यांची नक्षी छापलेलं मेणकापड अंथरलेलं होतं. बाज खिडकीखाली सरकवलेली, तिच्यावर करड्या रंगाची चादर. खिडकीत रिकाम्या डब्यात कोथिंबीर लावलेली. वर आढ्याला पांढऱ्या कागदाचा मोठा गोळा लटकत होता, आत बल्ब. तारेचा सांगाडा कागदातून दिसत होता. आकाशकंदील बनवणाऱ्या हातानेच तो बनवला होता, फक्त झिरमिळ्या लावल्या नव्हत्या.

हे सगळं तिने पाहिलेलं होतं. रोजच पाहत होती. ही परदेशातल्या गटिंगन शहरातली तिची खोली होती, तिसऱ्या मजल्यावरची, भाड्याची.

"ओळखू आली का?" आई दारात उभी होती. पदराने हात पुसत. चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखं काहीतरी.

"अवं, तिले बसू त दे," वडील, सेवकराम म्हणाले. राइस मिलमधून ते आज लवकर आले होते. अंगावर कोंड्याची पांढरी धूळ तशीच होती, त्यामुळे तेही नव्याने रंगवल्यासारखे दिसत होते.

पिंकी बसली. बाजेवर नाही, खाली, मेणकापडावर. ते थंड होतं. पायाला शेणाच्या जमिनीची सवय होती, ती पायाने शोधून पाहिली.

तिच्या खांद्यावरच्या पिशवीत, पासपोर्टच्या शेजारी, झाकणाची एक छोटी प्लास्टिकची नळी होती. प्रयोगशाळेतून आणलेली, रिकामी. गटिंगनच्या घरमालकीणबाईंनी तिला एक भिंत रंगवायची परवानगी दिली होती. खोली सोडताना पुन्हा पांढरी करून द्यायची, एवढीच अट. तिथल्या रंगाच्या दुकानात एक यंत्र होतं. नखाएवढा तुकडा त्याखाली धरला की ते तोच रंग बनवून द्यायचं. तुकडा नव्हता म्हणून पिंकीने आठवणीवरून प्रयत्न केले होते. रंगपत्रिकेतून निवडून छोट्या डब्या आणल्या, भिंतीवर एकेक चौकोन रंगवून पाहिला. एक फार गडद. एक जांभळट. एक आभाळासारखा, पण सौंदडचा निळा आभाळासारखा कधीच नव्हता. उजेडाचा फरक असेल म्हणून तिने सकाळी पाहिलं, दिव्याखाली पाहिलं. चौकोन चार झाले, एकही जमला नाही. तेव्हा तिने ठरवलं, सुट्टीत सौंदडला गेलं की भिंतीचा निळा टवका काढून आणायचा. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून सोपा उपाय सुचला नसता.

"जुना चुना कुठं गेला?" तिने विचारलं.

"खरडून काढला ना. रत्न्या म्हणे, चुन्यावर डिस्टेंपर धरत नाही. समदं खरडलं आन् खतकुड्यात टाकलं."

"समद्या भिंती?"

"समद्या. एक कोपरा नाही सोडला." आईच्या स्वरात अभिमान होता.

विमानात, नागपूरच्या गाडीत, गोंदियाहून सुटणाऱ्या पॅसेंजरमध्ये पिंकीने नेमकी जागा ठरवून ठेवली होती: दारामागची, खुंटीच्या खाली, जिथून टवका काढला तर कुणाच्या लक्षात येणार नाही.

"काऊन केलं, आई?"

पार्वताबाईने सेवकरामांकडे पाहिलं. ते खिडकीतल्या कोथिंबिरीकडे पाहू लागले.

"तू फोनवर म्हणतेस ना," आई म्हणाली, "'आता घरी पोचली, ठेवतो.' रोजच म्हणतेस. आन् इकडं यायचं म्हटलं त म्हणतेस, 'सौंदडले येतो.' मी तुया बाबाले म्हटलं, पोरीचं घर त तिकडं झालं. मागल्या खेपी आली त सुट्टी बाकी होती, तरी निघून गेली. इथं करमत नाही तुले. मंग म्हटलं, जेवढं आणता येते तेवढं इकडं आणू. रत्न्याच्या मोबाइलात तू धाडलेले खोलीचे फोटो होतेच."

'घरी पोचली' हे शब्द पिंकीचेच होते. ते तिने कधी म्हटले नाहीत असं सांगता येत नव्हतं. मागच्या वेळी सुट्टी शिल्लक असताना ती परतली होती, हेही खरं होतं. तिने बुटाची नाडी सोडायला घेतली आणि गाठ जास्तच घट्ट केली.

"नक्षी नाही पाहिली तू अजून," आई म्हणाली. "मांगं पाह्य. दाराच्या मांगं."

पिंकी वळली.

दारामागे, खुंटीच्या खाली, पांढऱ्या भिंतीवर चार निळे चौकोन होते. एका ओळीत, फोटोत होते त्याच क्रमाने. कडा सरळ याव्यात म्हणून दोरी धरून आखलेले.

ती उठली. जवळ गेली. पहिला फार गडद होता. दुसरा जांभळट, त्यात कशाची तरी शाई घातलेली दिसत होती. तिसरा आभाळासारखा.

"तुई माय विदेशी निळा बनवून राहिली होती," सेवकराम म्हणाले. "घमेल्यात टाक, मोबाइल पाह्य, आखीन टाक. मी म्हटलं, आता तुयाबी पासपोर्ट काढा लागते का?"

"हसा तुम्ही," आई म्हणाली. "तीन त जमले. चौथा काही केल्या जमला नाही, बाई. फोटोत येगळाच दिसते, उजेडात येगळाच. मंग कंटाळून चुना घेतला, नेहमीसारखी पुडी टाकली आन् फासला. घरचंच झालं ते. तुयावाल्यासारखं नाही आलं. पांढरं मारून देऊ का त्यावर?"

चौथा चौकोन खुंटीच्या बरोबर खाली होता.

पिंकीने त्यावर डावा तळवा ठेवला. चुना वाळलेला होता. हात काढला तेव्हा तळव्यावर निळी भुकटी आली होती, रेषा सोडून बाकी सगळीकडे.

"नोको मारू," ती म्हणाली.

"पण तुया तिकडचा चौथा..."

"तिकडचा नाही जमला, आई. एकही नाही जमला." ती भिंतीकडेच पाहत होती. "ती नक्षी नव्हती. मी हाच करून पाहत होती."

बाहेर तिच्या भावाने, रत्नपालने बॅग टेकवल्याचा आवाज झाला. पार्वताबाईने चौथ्या चौकोनाकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या कागदी गोळ्याकडे, मग एकेक करून चारही भिंतींकडे. हळूच ती बाजेच्या कडेवर टेकली. करड्या चादरीवर तिचे हात उताणे पडले होते, नखांच्या कडांना पांढरा रंग लागलेला.

"समदं खरडलं ना मी," ती म्हणाली.

सेवकराम उठले. "तिले जेवाले वाढ आधी," ते म्हणाले. "पोट्टी कवाची निघाली आहे."

पिंकीने बूट काढला. आईने पाण्याचा गडू उचलून दाराशी धरला. पिंकीने उजवा हात पुढे केला, पांढरा रंग चोळून चोळून काढला. आईने पुन्हा गडू कलता केला आणि दुसऱ्या हाताची वाट पाहत उभी राहिली.

पिंकीने डावा हात पाठीमागे घेतला.

"जेवाले एकच लागते," ती म्हणाली.