झऱ्याची देवी आणि बटाट्याचं खत

झऱ्यावर इतकी गर्दी जमायची की माझ्या टपरीवरची टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी कढईतून थेट लोकांच्या तोंडात जात. त्यामुळे म्बाह सर्पानच्या चमत्काराबद्दल मी सुरुवातीला काही बोलले नाही. धंदा तेजीत असला की शंकाही गप्प बसते. म्बाह म्हणजे आजोबा, पण हा आजोबा स्वतःच्या नातवंडांपेक्षा गर्दीलाच जास्त मांडीवर घ्यायचा.

त्याच्यापुढे दोन डबे असत, दोन्हींत कांगकुंगची पालेभाजी लावलेली. पावसाचं पाणी घातलेली पिवळट, झऱ्याचं पाणी घातलेली हिरवीगार. हातचलाखी अजिबात नव्हती, पंचाईत तीच होती.

"झऱ्याची न्याई, आपली देवी, पावसात जागी होते," डोळे मिटून तो सांगायचा. "जी पाल्याला जीव देते, ती तुमच्या बाळाला उपाशी ठेवेल?"

माझी सून तुतिक भुकटीचं दूध त्याच पाण्यात कालवू लागली. नात निंग्रुम अजून मान सावरत होती. एका सकाळी तिचे ओठ जांभळट दिसले, नखंही. तुतिक पळत सर्पानकडे गेली.

"निळाई म्हणजे न्याईचा मुका," तो म्हणाला. "आणखी पाज."

माझी भजी तशीच करपली. पोरीला उचलून मी आमच्या सुईणबाई, बू विजी, यांचं दार ठोठावलं.

"दुधात पाणी कुठलं घालता?"

"झऱ्याचं. पण उकळून घालते, बू," तुतिक म्हणाली.

"उकळून जंतू मरतात गं, पाण्यात उतरलेलं खत मरत नाही. त्याने तान्ह्याच्या रक्तातला प्राणवायू अडतो, म्हणून ही निळाई. पाणी आटून ते उलट दाट होतं."

त्यांनी तिथूनच गाडी बोलावली. इस्पितळात औषध मिळालं आणि ओठ पुन्हा गुलाबी झाले. तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि नंतर राग आवरेना.

काही आठवड्यांनी बू विजी झऱ्यावर आल्या, त्याही दोन डबे घेऊन. एकात पिवळट पाला, दुसऱ्यात सर्पानच्या तोडीस तोड हिरवा.

"म्बाह, या हिरव्यात पावसाचं पाणी आणि चिमूटभर युरिया आहे. न्याई कुठल्या वाटेने शिरली?"

"नक्कल कोणीही करतं, बू."

"बरं. हा पिवळा पलीकडच्या, जंगलाखालच्या झऱ्याच्या पाण्यावर वाढलाय. तिथली न्याई का झोपलीय?" पाण्यात खत असेल तर गुलाबी होणारे तपासणीचे कागद त्यांनी वर धरले. "हा तिथला, पांढराच राहिला. हा इथला, बघा कसा गर्द गुलाबी झालाय. उन्हाळ्यात तपासला तेव्हा इथलाही फिकाच होता. मग वरच्या मळ्यांत बटाट्याला खत पडलं, पाऊस आला आणि रंग चढला."

मला राहवेना. "माझ्या आईच्या लहानपणी या झऱ्यावरही जंगलच होतं. तेव्हा या पाण्याने कुणाचा पाला हिरवा झाला नाही. न्याई काय बटाट्याची वाट बघत बसली होती?"

लोक हसले. सर्पान मात्र हसला नाही, कारण झऱ्याच्या थेट वरचा मळा त्याचाच होता.

"पाऊस निम्मं खत वाहून नेतो, म्हणून दुप्पट टाकतो," तो पुटपुटला. "सगळेच टाकतात."

"आणि ते जातं कुठे, म्बाह? जमिनीत मुरून याच झऱ्यात उतरतं. तिथून निंग्रुमच्या बाटलीत."

हसणाऱ्यांत दुप्पट न टाकणारा एकही नव्हता, माझा मुलगाही दुप्पटच टाकायचा.

म्हणून सांगते, पाणी पाला हिरवा करतं एवढ्यावरून ते बाळाला पाजू नका. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी मान वर करून बघा, वर काय पेरलंय आणि त्याला काय घातलंय.

आता तान्ह्यांचं पाणी जंगलाखालच्या झऱ्यावरून येतं. चढ दमवणारा आहे. परवा तिथल्या रांगेत म्बाह सर्पान दिसला, घरी नुकत्याच जन्मलेल्या पणतीसाठी कॅन घेऊन.

"काय म्बाह," मी विचारलं, "न्याई इकडे राहायला आली वाटतं?"

त्याने कॅन दुसऱ्या हातात घेतला.

"नाही," तो म्हणाला. "इकडे वर बटाटे नाहीत."