रहिमतपूर शाखेच्या चारशे ऑर्डरी

सांगलीच्या ऑफिसचा फोन आला की माझं डोकं आधीच तापायला लागतं. त्या दिवशी तर एकाच फोनवर दोन कामं सांगितली आणि हसावं की रडावं, कळेना. पहिलं काम असं, की 'कणगी सुपर बझार'ची स्मरणिका निघणार आहे, तिच्यासाठी रहिमतपूर शाखेचा इतिहास दोन पानांत लिहून पाठवा, कारण आपली पहिली शाखा तीच. दुसरं असं, की फेब्रुवारीअखेर ॲपवरून चारशे ऑर्डरी घरपोच झाल्या नाहीत तर ही शाखा बंद करावी लागेल.

बोलत होता धवल, कणगी काढणाऱ्या अण्णांचा नातू. पुण्याला शिकून आलाय, तीस वर्षांचा आहे, मला काका म्हणतो. वागायला गोड. गोड माणसांवर चिडता येत नाही, ही एक वेगळीच कटकट असते.

"काका, इतिहास जरा मनाला भिडेल असा लिहा हं," तो म्हणाला.

बंद करायच्या दुकानाचं कौतुक बंद करणाऱ्यालाच हवं होतं. मी 'हो' म्हणालो आणि फोन टेबलावर आपटला. फोन माझाच होता, त्यामुळे नुकसानही माझंच झालं.

इतिहास मला कुणाला विचारावा लागणार नव्हता. सत्तावीस वर्षं मी या शाखेत आहे, त्यातली चौदा मॅनेजर म्हणून; त्याआधीचं सगळं अण्णांच्याच तोंडून ऐकलेलं. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे दिवाणजी होते. गिऱ्हाईक आपल्या हातानं माल उचलतं असं एक दुकान त्यांनी मुंबईला पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं. सांगलीत मनासारखा गाळा मिळेना, म्हणून बायकोच्या, म्हणजे विनोदिनीताईंच्या माहेरी, रहिमतपूरला, एक्क्याऐंशी साली त्यांनी पहिलं दुकान काढलं.

पहिले पंधरा दिवस लोक चपला बाहेर काढून आत यायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. माल समोर मांडलेला, पण दुसऱ्याच्या दुकानातल्या वस्तूला आपण होऊन हात कसा लावायचा? अण्णा म्हणायचे, घ्या. लोक म्हणायचे, तुम्हीच द्या. माल घ्यायला दारात बुट्ट्या, म्हणजे वेताच्या टोपल्या, ठेवल्या, तर त्या विकायला आहेत असं समजून चौघांनी भाव विचारला. शेवटी विनोदिनीताईच बुट्टी काखेत मारून गिऱ्हाईक झाल्या. रोज सकाळी दोन तास दुकानभर फिरायच्या, डाळ उचलायच्या, साबणाचा वास घ्यायच्या. बायका बघत बघत त्यांच्या मागून फिरायला लागल्या. तिथून कणगी वाढली ती कराड, तासगाव, विटा, शिरवळ अशी बारा शाखांपर्यंत.

हे सगळं मी एका बैठकीत लिहून काढलं. चारशे ऑर्डरी मात्र लिहून काढता येत नाहीत.

'स्मार्ट खरेदी' नावाचं ते ॲप विट्याला धडाक्यात चाललं होतं. तिथल्या घरोघरचे मुलगे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत, कोण कोइमतूरला तर कोण लुधियानाला. तिकडून बोट दाबायचं आणि इकडे आईच्या दारात गव्हाचं पोतं हजर. शिरवळला कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटायच्या आत साबण मागवतात. आमच्याकडे जानेवारीभरात ऑर्डरी आल्या नऊ. त्यातल्या चार माझ्याच घरच्या होत्या.

आमचं गिऱ्हाईक आसपासच्या वाड्यांतलं. त्यातल्या मोठ्या वाडीवर सुभेदार हंबीरराव राहतात. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण आवाज अजून परेडचा आहे. दुकान बंद होणार हे त्यांच्या कानावर मीच घातलं. ते आमच्या काउंटरवर थाप मारून म्हणाले, "चारशे म्हंजे काय लय झालं व्हय रं गड्या? माझ्या वाडीत दीडशे फोन हायती. तू फकस्त कसं करायचं ते दाव, बाकीचं आमी बघतो."

आणि त्यांनी बघितलं. दोन दिवसांत अख्ख्या वाडीच्या मोबाईलवर ॲप चढलं. पत्ता भरताना ते रस्ता क्रमांक विचारायचं. वाडीला रस्ताच एक, त्याला क्रमांक कसला? मग 'जवळची खूण' या रकान्यात सगळ्यांनी 'सुभेदारांचं घर' टाकलं. सुभेदारांनी स्वतः 'माझंच घर' टाकलं.

पहिल्याच आठवड्यात ऑर्डरी आल्या शहाण्णव. आमचा टेम्पोवाला धुळा, पन्नाशीचा शांत माणूस, पिशव्या भरून निघाला. मला इतका आनंद झाला होता की मी सगळ्यांना वडापाव सांगितला.

तासाभरात धुळा परत आला. टेम्पो भरलेलाच.

"काय झालं?"

"कुणी घरीच न्हाई. समदी हिकडं निघाल्याती," तो म्हणाला.

खरंच होतं. त्याच्या मागोमाग माणसं दुकानात शिरायला लागली. सगळ्यांच्या पुढे बनुबाई, सत्तरीच्या, हातात पिशवी. त्यांची सून रेश्मा फोनवरून ऑर्डर टाकते. पाव किलो चहापूड आणि वाती मागवल्या होत्या.

"मावशी, अहो धुळा तुमच्या दारात घेऊन येत होता की!"

"आवं, चहापुडीसाठी त्या बापड्यानं तीन मैल टेंपू हाकायचा? बरं दिसतं का ते? मी आले चालत. द्या माझी मला हितंच."

सगळ्यांचं म्हणणं हेच. मदत करायची म्हणून ऑर्डर टाकली, पण आपल्यामुळं कुणाला हेलपाटा नको. शिवाय धुळा दारात आला तर त्याला चहा दिल्याशिवाय माघारी कसा पाठवायचा? आणि घरात चहापूड नाही, म्हणून तर ती मागवलेली. आता हे त्या ॲपला कोण सांगणार! ऑर्डर घरपोच धरायची तर गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहूनच धुळानं गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आलेला आकडा आपल्या फोनात टाकायचा; जागा दुसरी असली तर ॲपला कळतं. माल दुकानात दिला की ऑर्डर लाल होते आणि खाली अक्षरं येतात, 'ग्राहकाने नाकारली'. आठवडाअखेर शहाण्णवांपैकी एक्क्याऐंशी नाकारलेल्या.

धवलचा फोन आला. "काका, बारा शाखांत सगळ्यात जास्त नकार तुमच्याकडे आहेत. लोकांना सेवा आवडत नाहीये का?"

"आवडते रे बाबा. इतकी आवडते की घ्यायला लाजतात."

तो हसला. मी विनोद केलाय असं त्याला वाटलं.

मी वाडीवर जाऊन सभा घेतली. सगळं नीट समजावून सांगितलं. माना हलल्या. सुभेदारांनी "समजलं का?" म्हणून दरडावलं, तेव्हा "व्हय, व्हय" झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच. फरक इतकाच की आता ते येताना अपराधी तोंड करून यायचे. एकानं तर धुळाला अर्ध्या रस्त्यात गाठून, टेम्पो वळवून, स्वतः त्यातच बसून दुकानात आणलं. वर मलाच म्हणाला, "तेवढंच डिझेल वाचलं."

बारा तारीख उजाडली आणि घरपोच झालेल्या ऑर्डरी होत्या एकोणतीस. रात्र रात्र झोप नव्हती. शाखा बंद झाली तर आठ माणसं घरी बसणार होती, आणि खरं सांगायचं तर या दुकानाशिवाय मला दुसरं काही येतही नाही. त्या दुपारी बनुबाई पुन्हा दारात दिसल्या. उन्हानं लाल झालेल्या, पदरानं तोंड पुसत होत्या. पायरीवरच मला म्हणाल्या, "त्या आर्डरीची काडेपेटी न्यायला आले."

माझा तोल गेला.

"मावशी, पाय ठेवायचा नाही दुकानात! सांगून सांगून तोंड दुखलं माझं. कुणीच यायचं नाही. घरी बसा, दारात येईल ते घ्या. मदत म्हणून आम्हाला मारायला निघालात तुम्ही सगळे!"

बनुबाईंनी पायरीवरचा पाय मागे घेतला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि तशाच उन्हात परत फिरल्या. पाणी घ्या म्हणायचंही मला सुचलं नाही. मला माझीच लाज वाटली, पण चारशेचा आकडा त्या लाजेपेक्षा मोठा होता.

संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला. आवाज परेडचा नव्हता. "म्हातारीला असं बोलायला नको हुतंस रं. पर तुझी अडचण कळली. आता वाडीतनं एक माणूस तिकडं फिरकणार न्हाई. हुकूम काढलाय."

तो हुकूम मात्र पाळला गेला. दुसऱ्या दिवसापासून धुळा रिकामा टेम्पो घेऊन परत यायला लागला. दारादारात त्याला चहा मिळत होता, एकेका दिवसात वीस-बावीस कप. पित्तानं बेजार झाला बिचारा, पण ऑर्डरी हिरव्या होत गेल्या. शंभर, दोनशे, तीनशे. वाडीचं बघून बाकीच्या वाड्याही घरी थांबल्या. पंचवीस तारखेला चारशे झाल्या, अठ्ठावीसला चारशे एकतीस.

आणि दुकान? दुकानात सकाळी झाडलेली फरशी संध्याकाळपर्यंत तशीच असायची. तांदूळ हातावर घेऊन फुंकणारं कुणी नाही, साबणाचा वास घेणारं कुणी नाही. कुणाची सून कशी, कुणाचा पोरगा भरतीत पास झाला, काही कळेना. मी स्वतःला म्हणत होतो, एवढा महिना जाऊ दे. एकदा शाखा वाचली की जाईन वाडीवर, बनुबाईंच्या पाया पडेन आणि सगळ्यांना घेऊन येईन.

अठ्ठावीसला दुपारी धवल सांगलीहून स्वतः आला. पेढे घेऊन. "काका, मानलं तुम्हाला. एका महिन्यात शेवटच्या नंबरावरून थेट पहिले!" माझ्या इतिहासाचीही त्यानं तारीफ केली. मग दुकानभर एक चक्कर मारली आणि दारावरच्या कॅमेऱ्याचा हिशेब मोबाईलवर उघडला. तो कॅमेरा माणसं मोजतो, हे मला तेव्हा कळलं.

"गेल्या पंधरा दिवसांत सतरा माणसं आत आलीत," तो म्हणाला. "म्हणजे इथल्या लोकांना आता दुकान लागतच नाही. मग एवढ्या फळ्या, काउंटर, दिवे कशाला? आपण इथं फक्त गोडाऊन करू. धुळाला आणखी एक टेम्पो देऊ. माणसं तुमची सगळी राहतील, काळजी करू नका."

"अरे, त्यांना लागतं दुकान! मी अडवलंय त्यांना. मी दारात उभं राहून हाकललंय, तुझ्या चारशेसाठी."

"बरोबरच केलंत," धवल म्हणाला, अगदी मनापासून. "सवय अशीच लावावी लागते."

मी पुष्कळ बोललो. आवाज चढवला, अण्णांचं नाव काढलं, विनोदिनीताईंची बुट्टी काढली. ती गोष्ट त्याला फार आवडली होती, स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर घेतोय म्हणाला. पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवून तो निघून गेला.

एक मार्चला सकाळी सुतार आले आणि फळ्या सुटायला लागल्या. दहाच्या सुमारास धुळाचा टेम्पो दारात थांबला. मला वाटलं, रिकामा असेल. मागचं फाळकं पडलं आणि माणसं उतरायला लागली. वाडीच्या बायका, दोन-चार म्हातारे, टोपी सारखी करत सुभेदार आणि इस्त्रीचं लुगडं नेसलेल्या बनुबाई. सगळ्यांच्या हातात पिशव्या होत्या.

बनुबाई पायरीपाशी थांबल्या. पाय वर ठेवला नाही.

"झालं न्हवं तुमचं चारशे? आता यायाला हरकत न्हाई न्हवं?"

माझ्या मागे शिडीवर चढलेला माणूस नवी पाटी ठोकत होता. सुभेदारांनी ती वाचली. परत एकदा वाचली.

"काय लिवलंय?" बनुबाईंनी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"'ग्राहकांना आत प्रवेश नाही'," मी म्हणालो. "आता घरीच थांबायचं, मावशी. कायमचं."

बनुबाईंनी एकदा आत बघितलं, उघड्या भिंतींकडे, आणि मग माझ्याकडे.

"मग पंधरा दीस आमी कशापायी थांबलो?"