पळवायची की चढवायची?

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. पण धूर सोडणारी नव्हे, विजेवर चालणारी. कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीत एका गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या छपराखाली मी उभी असते. हॉर्न सोडला तर मला आवाज नाही, आणि तोही दुसऱ्या कुणी दाबावा लागतो. म्हणून गेल्या वर्षी, ऊसतोडीच्या दिवसांत, मला जे ओरडून सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. तो महिना मी कसा काढला, ते आज तुम्हाला सांगते.

कारखान्यात माझ्या सांगाड्यात आधी मोटर बसवली, मग बॅटरी. बॅटरी आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो. तिच्या आत एक छोटं कार्ड होतं. एका वेळी किती वीज बाहेर जाऊ द्यायची, यावर त्याची नजर असायची. कुणी हद्दीबाहेर मागितली, तर ते सरळ दार लावून घ्यायचं. शिवाय सीटखाली एक कंट्रोलर होता. हँडलची मूठ किती पिरगळली ते पाहून तो बॅटरीकडून वीज मागायचा आणि मोटरला द्यायचा. मागणारा आणि देणारी, दोघांची ताकद कारखान्यातच जुळवलेली होती. त्यामुळे पहिली तीन वर्षं माझी कसलीच तक्रार नव्हती. माझे पहिले मालक दत्तप्रसाद शहरातल्या सपाट रस्त्यांवरून मला कचेरीत नेत आणि दर रविवारी ओल्या फडक्याने पुसत. पुढे त्यांनी चारचाकी घेतली आणि मला क्रांतीला विकलं.

क्रांती गुरांवर उपचार करते. दूध संस्थेकडून फोन आला की औषधांची पिशवी खांद्याला आणि जड पेटी माझ्या मागच्या कॅरिअरला बांधून ती वाड्यावस्त्यांवर निघते. तिच्यासारखं काम मी आधी पाहिलं नव्हतं. सपाटीला मी खुशीत पळायचे. पण माळावरच्या वस्तीला जाणारा एक लांब, उभा चढ होता. पेटीचं ओझं घेऊन तिथं गेले की माझा दम संपायचा. एखादा तरुण पायी चालत मला मागे टाकेल, इतकी मी मंदावायचे.

एका दुपारी त्याच वस्तीवरून बयाबाईंचा फोन आला. म्हैस अडली होती. क्रांतीने मूठ शेवटपर्यंत पिरगळून धरली, पुढे वाकली, पण मी चढावर रडतखडतच गेले. आम्ही पोचलो तेव्हा क्रांतीने म्हैस वाचवली. रेडकू मात्र मेलेलं निघालं. बयाबाई रागावल्या नाहीत. पाण्याची बादली पुढे सारत एवढंच म्हणाल्या, "जरा आदी आली असतीस तर वाचलं असतं गं पोरी." परत येताना तिने चढाच्या पायथ्याशी मला उभं केलं आणि बराच वेळ रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. मला वाटलं, आता ही मला विकणार.

घरी तिने हे सगळं नवऱ्याला, पृथ्वीराजला सांगितलं. पृथ्वीराज एमआयडीसीत लेथवर काम करतो. केसाएवढी चूक झालेला तुकडासुद्धा तो बाजूला टाकतो. पण तो लोखंडातला माणूस. विजेशी त्याची ओळख कमी. त्यात शेजारचा कृष्णात मला सगळ्यांदेखत 'मिक्सर' म्हणायचा, तेही त्याला लागत होतं. त्या दिवशी त्याने क्रांतीला शब्द दिला की पुन्हा तुला गाडीपायी उशीर होणार नाही.

मग तो फोनवर व्हिडिओ बघू लागला. एका व्हिडिओतल्या माणसाने मोठा कंट्रोलर बसवून आपली गाडी वाऱ्यासारखी पळवली होती. पृथ्वीराजने तसाच कंट्रोलर मागवला. माझ्या जुन्या कंट्रोलरपेक्षा तो दुपटीने वीज मागणारा होता. विकणाऱ्याला त्याने एकच गोष्ट विचारली, प्लग बसेल का? प्लग बसला. टक् असा आवाज झाला आणि पृथ्वीराज हसला. बॅटरीला हे झेपेल का, हे त्याने कुणालाच विचारलं नाही.

पहिले तीन दिवस माझं फार कौतुक झालं. मूठ पिरगळली की मी उसळी घ्यायचे. कृष्णात स्वतः एक फेरी मारून आला आणि मिक्सरचं रॉकेट झालं म्हणाला. पृथ्वीराजची मान ताठ झाली. माझ्या मनात मात्र धाकधूक होती. उसळी घेताना सीटखालची बॅटरी तापत होती, इतकी ती आजवर कधी तापली नव्हती. माझ्या तारा त्याच जुन्या, बारीक. त्यांच्यातून एवढी वीज धावताना त्यांचं प्लॅस्टिक मऊ पडत होतं.

चौथ्या दिवशी माळाचा चढ आला. मागे पेटी, आणि आमच्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. अर्ध्या चढावर कंट्रोलरने उसळीपुरती नव्हे, सलग पूर्ण ताकद मागितली. कार्डाने दार लावून घेतलं. क्षणात माझा दिवा गेला, हँडलवरची आकडे दाखवणारी काच काळी पडली आणि मी जागच्या जागी थांबले. क्रांतीने ब्रेक दाबला, पण ओझ्याने मी मागे घसरू लागले. तिने मला रस्त्याकडेला आडवं लोटलं आणि स्वतःही पडली. ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक मारला. त्याचं पुढचं चाक माझ्या आरशापासून हातभर अंतरावर थांबलं. क्रांतीचं कोपर सोलवटलं होतं. ट्रॅक्टरवालाच घाबरून तिला पाणी देत होता.

पृथ्वीराजने ते कोपर पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. तिला चढावर पुन्हा असं थांबावं लागू नये, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. फोनवरच्या एका गटात त्याने विचारलं, तर कुणीतरी, ज्याने मला कधी पाहिलंही नव्हतं, त्याने सांगितलं की सगळा दोष त्या कार्डाचा आहे. त्याला वळसा घालून एक तार जोड, म्हणजे गाडी कधीच बंद पडणार नाही.

रविवारी क्रांती माहेरी, मुरगूडला गेली होती. तेवढ्या वेळात पृथ्वीराजने बॅटरी उघडली आणि ती तार जोडली. माझ्या राखणदाराला त्याने बाजूला बसवलं. मित्रांनो, त्या क्षणी मला एक शब्द बोलता आला असता, तर मी 'नको' म्हटलं असतं. तो सारखा वळून रस्त्याकडे पाहत होता, म्हणजे आपण करतोय ते बरोबर नाही, हे त्यालाही कुठेतरी कळत असावं. पण क्रांती परत आली तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की दुरुस्त केलीय, आता बंद पडणार नाही.

आणि खरंच मी बंद पडले नाही. हेच तर भयाचं होतं. पुढचे आठ-दहा दिवस क्रांती निर्धास्तपणे चढ चढत होती. वरून गुरांना पाणी नेणाऱ्या बायका तिला हात करायच्या. ती हसायची. तिच्याखाली दोन वितांवर बॅटरी सोसत होती, फुगत होती, आणि तिला थांबवणारं आता कुणी नव्हतं. दर चढाला मला वाटायचं, आज. वर पोचलो की वाटायचं, आज नाही, म्हणजे उद्या.

तो दिवस आला तो भर दुपारी. क्रांती दोनदा वस्तीवर जाऊन आली होती. मी तापलेली असतानाच तिने मला गोठ्यात नेऊन चार्जिंगला लावलं आणि हातपाय धुवायला गेली. माझ्या डावीकडे दोन म्हशी बांधलेल्या, उजवीकडे कडब्याची गंजी. दारात पृथ्वीराजची आई, आक्का, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सीटखाली काहीतरी वितळू लागलं. मी कडब्याकडे पाहत होते, म्हशींकडे पाहत होते, आणि माझ्याकडून टिचकीएवढाही आवाज निघत नव्हता.

आक्कांनी मान वर केली. नाकाने हवा ओढली. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि काहीही न विचारता आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग हाक मारली. पहिली पाळी संपवून पृथ्वीराज नुकताच आला होता. त्याने आणि क्रांतीने मला ढकलत अंगणाच्या पार टोकाला, उघड्या मातीत नेलं. कृष्णातने धावत येऊन म्हशींची दावी सोडली. माझ्या सीटखालून धुराची एक काळी रेघ निघत होती. सगळे लांब उभे राहिले. धूर वाढतोय की कमी होतोय, एवढंच पाहायचं उरलं होतं. तो वाढला, थांबला, पुन्हा निघाला. शेवटी बारीक होत होत विरला. ज्वाळ उठली नाही. पण उन्हं उतरेपर्यंत माझ्याजवळ कुणी आलं नाही.

पृथ्वीराज मातीतच बसला होता. खाली बघत तो म्हणाला, "त्या कार्डाला मी तार मारली व्हती."

क्रांती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मी रोज तिच्यावर बसून चढ चढत व्हते. एकदा सांगायचं तरी व्हतं मला."

मग आक्का बोलल्या. "तुझ्या बानं पन विहिरीवरच्या मोटरीच्या फ्यूजला जाड तार घातली व्हती. फ्यूज न्हाय गेली. मोटर गेली."

शाहूपुरीत नृसिंह सर म्हणून एक गृहस्थ आहेत. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झाले आणि आता बॅटऱ्या-मोटरींच्या दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतात. क्रांतीने त्यांना फोन केला. गाडीला हात लावू नका, उघड्यावरच राहू द्या, असं बजावून दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले. त्यांनी बॅटरी काढली, पाहिली आणि मान हलवली. ती आता कामाची राहिली नव्हती. ज्या दिवशी मी जन्मले त्या दिवसापासूनची माझी सोबतीण एका पत्र्याच्या डब्यात, वाळूत झाकलेली अशी निघून गेली. मला तिचा निरोपही घेता आला नाही.

मला टेंपोने शाहूपुरीला नेलं. दुकानात सरांनी जुन्या बॅटरीवरची पाटी पृथ्वीराजला मोठ्याने वाचायला लावली. किती अँपिअरपर्यंत ती देऊ शकते, ते तिच्यावर ठसठशीत लिहिलेलं होतं. मग नव्या कंट्रोलरवरचा आकडा वाचायला लावला. बरोबर दुप्पट. केसाएवढं माप पाहणारा तो माणूस त्या दोन आकड्यांकडे पाहत उभा राहिला.

सर शांतपणे म्हणाले, "व्होल्ट जुळले, प्लग बसला, म्हणजे सोयरीक झाली असं नाही. एकाची मागण्याची ताकद दुसऱ्याच्या सोसण्याच्या ताकदीत बसायला हवी." मग ते क्रांतीकडे वळले आणि इतक्या दिवसांत कुणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. "हिला पळवायची आहे की चढवायची?"

"चढवायची," क्रांती म्हणाली. "पळून कुठं जायचंय मला?"

मग चढवायचं असेल तर वेगळाच विचार हवा, असं सर म्हणाले. माझी साखळी मागच्या चाकाच्या ज्या दातेरी चक्रावर फिरते, त्याला गॅरेजवाले सॉकेट म्हणतात. तिथं जास्त दात्यांचं मोठं सॉकेट घातलं की गाडीचा वेग थोडा कमी होतो, पण चढावरची ओढ वाढते, आणि बॅटरीकडे जास्त काही मागावं लागत नाही. कंट्रोलर माझा जुनाच परत बसला. नवी बॅटरी तेवढ्याच व्होल्टची, माझ्या सांगाड्यात बसणारी, पण कंट्रोलर मागेल त्यापेक्षा थोडं जास्त देऊ शकणारी निवडली. क्रांतीने घरातल्या नव्या कपाटाचा बेत त्यासाठी पुढे ढकलला. जाड तारा आल्या, योग्य फ्यूज आली, आणि ओझं घेऊन उतारावरून यावं लागतं म्हणून नवे ब्रेक. मोठं सॉकेट साखळीच्या रेषेत येईना, तेव्हा पृथ्वीराजने त्यासाठी लेथवर एक पोलादी कडी कातली. चार वेळा माप घेतलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं होतं, तरी चौथ्यांदा घेतलं.

पहिल्या चढाला पृथ्वीराज कृष्णातच्या गाडीवरून मागे आला. क्रांतीने पेटीचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. तिचे हात मुठीवर घट्ट होते आणि मीही तितकीच भ्यालेली होते. मी उसळी घेतली नाही. सावकाश, एका लयीत, कुठेही न मंदावता मी वर गेले. वर पोचल्यावर पृथ्वीराजने मोटरीवर तळहात ठेवला, मग तारांवर, मग बॅटरीच्या कडेला. हात तिथंच राहिला, झटकावा लागला नाही.

"कोमट हाय," तो म्हणाला. क्रांतीने तेव्हा कुठे श्वास सोडला.

मित्रांनो, हायवेवर आता मला कुणीही मागे टाकतं. कृष्णात पुन्हा मिक्सर म्हणू लागलाय, पण त्याने आपल्या गाडीला काही घ्यायचं ठरवलं की आधी पाटीचा फोटो काढून पृथ्वीराजला दाखवतो. भीती मात्र पूर्ण गेलेली नाही. त्या चढावर क्रांती अजूनही डाव्या कडेने जाते आणि एक पाय टेकवायच्या तयारीत ठेवते. तिचं चुकत नाही. एकदा दगा खाल्लेल्या माणसाने एवढं जपावंच.

तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याची ताकद जरूर वाढवा, पण आधी त्याच्या अंगावरची पाटी वाचा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमच्या सोसण्याची हद्द तिथं लिहून ठेवलेली असते. आणि तुम्हाला तर बोलता येतं. तेव्हा चूक झाली तर ती ज्याच्या जिवावर बेतू शकते, त्याला त्याच दिवशी सांगा. पृथ्वीराज आता तेच करतो. सकाळी क्रांती पेटी बांधत असते, तेव्हा तो तिला आदल्या दिवशी माझ्या कुठल्या भागाला हात लावला ते सांगतो, अगदी एखादा नट आवळला असला तरी. ती सगळं ऐकून घेते, एकदा मान हलवते, आणि मगच माझ्यावर बसते.