रुमालाखालचा हात

त्या वर्षी दिग्रसमध्ये घर विकायला काढणं म्हणजे गुळाचा खडा उघड्यावर ठेवणं झालं होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. एस.टी.चा नवा थांबा बाजाराच्या अंगाला येणार अशी आवई उठली आणि जिनिंगवाल्यांना, आडत्यांना, तेलवाल्यांना, सगळ्यांनाच एकाएकी आपली जागा अपुरी पडते असा साक्षात्कार झाला. राज्य आल्यावर आणखी काय काय येणार याबद्दल गावात शंभर मतं होती. जागेचे भाव वाढणार यावर मात्र कोणाचं दुमत नव्हतं.

कुंदाताईंना गावाच्या या घाईशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचे यजमान सदाशिवराव वकील जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि त्यांच्यामागे त्या एकट्याच त्या घरात राहत होत्या. घर विकायची वेळ आली ती दम्यापायी. जिनिंगमधून उडणारा कापसाचा बारीक तंतू हंगामभर गावावर तरंगायचा आणि नेमका कुंदाताईंच्याच छातीत जाऊन बसायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी दिग्रस सोडायला सांगितलं. नागपूरला दिलेली मुलगी सुनीती तर आधीपासूनच मागे लागली होती. एक हिवाळा त्यांनी हट्टानं काढला, पावसाळ्याच्या तोंडाशी मात्र हात टेकले.

घर तसं काही मोठं नव्हतं. कौलारू, बसकं, पुढे ओसरी आणि मागे विहीर. सदाशिवरावांनी ते स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं आणि स्वयंपाकघरातलं फडताळ आपल्या उंचीनं लावून घेतलं होतं, जसं काही भाजीला फोडणी तेच घालणार होते. परिणामी कुंदाताईंनी उभा संसार पाटावर चढून केला. नवऱ्याच्या हयातीत त्या या फडताळावरून रोज कुरकुरल्या आणि आता त्या पाटावर चढल्या की त्यांना रडू यायचं. विहिरीचं पाणी मात्र असं गोड, की चार गल्ल्या सोडून बायका घागरी घेऊन यायच्या. कुंदाताईंची एकच इच्छा होती. आपल्यामागे या घरात कुणीतरी राहावं, चूल पेटावी, विहिरीवर रहाट करकरावा. पैसा चार कमी आला तरी त्यांची तक्रार नव्हती.

आता रूपसिंगांबद्दल सांगायला हवं. गावापासून जवळच्याच तांड्यावरचे ते बंजारा शेतकरी. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरत. रूपसिंग जमिनीत स्थिरावले होते, पण बैलाची पारख रक्तातच होती. जमिनीच्या एका कज्ज्यात सदाशिवरावांनी त्यांचा खटला चालवला आणि तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी रूपसिंग आणि त्यांची बायको मानीबाई कुंदाताईंच्या ओसरीवर टेकल्याशिवाय परत गेले नाहीत. मानीबाईंचा जीव विहिरीत अडकलेला. तांड्यावर पाण्याला टेकडी उतरून जावं लागे. त्या आल्या की आधी रहाटावर जात, एक बादली ओढत, ओंजळभर पीत, उरलेलं पायांवर ओतत आणि मग राम राम म्हणत. त्यांचा मुलगा लखीराम याच ओसरीवर बसून मॅट्रिकचा अभ्यास करून गेला होता आणि आता दिग्रसच्याच शाळेत मास्तर म्हणून लागला होता.

या हिवाळ्यात दोघा नवराबायकोंनी घराची भारीच चौकशी चालवली होती. कौलं कधी फिरवली, उन्हाळ्यात विहीर कुठवर उतरते, सकाळचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं, असं एकेक. कुंदाताईंना वाटलं, आपण जाणार म्हणून यांचा जीव तुटतोय. लखीरामच्या नोकरीचं कळल्यावर तर त्या मोठ्या आपुलकीनं म्हणाल्या होत्या, की आता त्याला गावात भाड्यानं एखादी खोली बघायला हवी, मी विचारून ठेवते. यावर मानीबाईंनी नुसती मान हलवली. पुढच्या बाजाराला मात्र त्या एक रुमाल घेऊन आल्या. लालभडक कापड, चौकटीत आरसे, चारी कडांना कवड्या आणि मधल्या जागेवर टाका इतका दाट, की खालचं कापड दिसेना. त्यांनी तो कुंदाताईंच्या मांडीवर ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ओसरीवर गिऱ्हाइकं येऊन बसली.

गिऱ्हाइकं तीन होती. धाकट्या भावासाठी घर हवं म्हणणारे जिनिंगचे मालक फुलचंदशेठ, उमरखेडचा एक आडत्या आणि दवाखाना काढायला जागा शोधणारा एक तरुण डॉक्टर. तिघं कितीदा तरी वेगवेगळे येऊन गेले होते आणि दर वेळी दुसऱ्याचा आकडा काढून घ्यायला बघत होते. कुंदाताई या भावाभावीला कंटाळल्या होत्या. शेवटी फुलचंदशेठनीच तोड काढली होती. बैलबाजारात करतात तसं करू. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात कापडाखाली, आकडा बोटं दाबून सांगायचा, म्हणजे एकाचा भाव दुसऱ्याला कळायचं कारण नाही. ज्याचा आकडा वरचा, त्याचा पंजा विकणाऱ्यानं आवळला की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

अडचण एकच होती. विकणारी बाईमाणूस. परक्या पुरुषांच्या हातात हात कसा द्यायचा? म्हणजे त्यांच्या जागी कुणाचा तरी हात हवा. तिघांनी आपापल्या माणसांची नावं सुचवली आणि एकमेकांची खोडून काढली. कुंदाताईंनी समोर पाहिलं, तर खांबाला टेकून रूपसिंग उभे होते, तेही काहीतरी बोलायच्या बेतात. साऱ्या बैलबाजारात ज्यांच्या हाताला कुणी खोटं म्हटलं नाही असा माणूस दारात असताना त्या आणखी कुणाला शोधणार होत्या? चौघांदेखत त्या म्हणाल्या, "रूपसिंगभाऊ, माझा हात तुम्ही व्हा."

रूपसिंग तिथल्या तिथे थिजले. त्यांनी मानीबाईंकडे पाहिलं. मानीबाई पदर सावरत खाली बघत होत्या. कुंदाताईंना वाटलं, एवढा मान दिला म्हणून माणूस गहिवरला. त्यांना स्वतःलाच भरून आलं होतं. कापड हवं असं कुणी म्हणताच त्यांनी मांडीवरचा नवा रुमाल उचलून हौसेनं पुढे केला आणि मानीबाईंना म्हणाल्या, की बघा, कसा वेळेवर आणलात.

 रूपसिंग पुढे आले, जाजमावर बसले आणि हातावर तो कवड्यांचा रुमाल टाकून त्यांनी पहिला हात घेतला. कुंदाताई आतल्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या. डॉक्टर घामाघूम झाला, आडत्या दोनदा हात काढून पुन्हा घालून बसला, फुलचंदशेठ आपले शांतपणे कौलं मोजत होते. शेवटी रुमालाखाली रूपसिंगांनी फुलचंदशेठचा पंजा आवळला आणि ते उठून हात जोडून म्हणाले, "झालं, वकिलीणबाई. याच्या वरता भाव दिग्रसात कोनी देल्ला नसता." आकडा ऐकून कुंदाताईंना खरंच वाटेना. त्यांनी सर्वांना पेढे दिले. रूपसिंगांनी पेढा हातात धरला, पण तोंडात टाकलेला कुणी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात कसला तरी आवाज आला म्हणून कुंदाताई मागे गेल्या. फुलचंदशेठचा मुनीम दोन गड्यांना घेऊन मोजायची फीत लावत होता. एक गडी विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवून आत वाकून बघत होता. कुंदाताईंनी विचारलं, तर मुनीम मोठ्या अदबीनं सांगू लागला, की शेठना इथं सरकीचं गोदाम बांधायचंय. घर पाडलं की दगड-माती आयतीच मिळेल, तेवढ्यात विहीर बुजून निघेल, बाहेरून मुरूम आणायला नको.

कुंदाताईंनी गड्याला कठड्यावरून पाय काढायला लावला. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. शेठ तर म्हणाले होते, धाकट्या भावाला संसार थाटून द्यायचाय. मुनीम हसला आणि म्हणाला, की भाऊ राहील की, नव्या बंगल्यात. ज्या कापसानं त्यांना घराबाहेर काढलं, त्याच कापसाची सरकी आता त्यांच्या चुलीच्या जागेवर रचली जाणार होती.  भाव सांगायला बोटं पुरतात, पण घेऊन काय करणार हे बोटांनी सांगता येत नाही, एवढी साधी गोष्ट काल चार शहाण्यांत बसून त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

त्याच दुपारी रूपसिंगांची गाडी दाराशी आली. लखीरामचं सामान गावात आणून टाकायचं होतं, त्याला चावडीजवळ एक खोली मिळाली होती. रूपसिंग बैलांपाशीच थांबले, मानीबाई एकट्या आत आल्या. कुंदाताई ओसरीवर बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. त्यांनी मुनीमाचं सगळं सांगून टाकलं, विहिरीचंही. सांगताना त्यांचा आवाज चढला. रूपसिंगभाऊंनी माझं नुकसान केलं नाही हे मला कळतं, त्या म्हणाल्या, पण राहणारं माणूस मिळालं असतं तर मी निम्म्या भावातसुद्धा दिलं असतं. एवढ्या मोठ्या गावात राहायला घर हवं असा एक माणूस मिळू नये?

मानीबाई विहिरीच्या दिशेनं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मिळाला होता ना बाई. पर तुमी त्याले आपला हात करून टाकलं."

कुंदाताईंना अर्थ लागला नाही. 

"आमालेच पायजे होतं घर," मानीबाई म्हणाल्या. "लखीरामसाठी. पोराईच्या शाळेसाठी. यायनं बैलाच्या दोन जोड्या विकल्या, माही गळ्यातली हसळी विकली. काल तेच सांगाले आल्तो. पर जो इकनाऱ्याचा हात होते, त्याले घेता नाई येत. साऱ्याईचे भाव त्याच्या हातात येतेत. मंग त्यानं कसं घ्यावं?"

"अहो पण मग बोलायचं नाही का?" कुंदाताई म्हणाल्या. "नाही म्हणायचं ना मला."

"चार मानसाईत तुमी हात मांगितला. नाई कसं म्हनावं?"

 कौलं कधी फिरवली. विहीर कुठवर उतरते. सकाळचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं. एकेक प्रश्न त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागला आणि प्रत्येकाला आपण काय उत्तर दिलं तेही आठवलं. इतक्या वर्षांत ही बाई आपल्या विहिरीचं पाणी प्यायली, आपल्या ओसरीवर तिनं शिदोरी सोडली, आणि तिला या घरात राहावंसं वाटत असेल हे आपल्या मनातसुद्धा आलं नाही. तांड्यावरच्या माणसांचं घर तांड्यावर, हे आपण गृहीतच धरलं होतं. वर आपण खोली बघून देते म्हणालो. 

त्या तशाच अनवाणी रस्त्यावर गेल्या. रूपसिंगांना म्हणाल्या, सौदा मोडा, अजून कागद झालेला नाही, मी फुलचंदशेठला काय सांगायचं ते सांगते, घर तुमचं. वकिलाची बायको होत्या त्या. कागदावर सही होईपर्यंत काहीच झालेलं नसतं, हे सदाशिवरावांकडून त्यांनी जन्मभर ऐकलं होतं.

रूपसिंगांनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला.  मग म्हणाले, "तो हात माहा असता त मोडला असता, बाई. बाजारात तोंड दाखवलं नसतं, पर मोडला असता. तो तुमचा होता. तुमचा हात मी खोटा कसा पाडू?"

 ज्या हाताला कुणी कधी खोटं म्हटलं नाही म्हणून तो कुंदाताईंनी मागून घेतला होता, तो खरोखरच तसा निघाला होता.

त्या आत आल्या तेव्हा मानीबाई ओसरीच्या कडेला बसून रुमालाला पडलेल्या घड्या तळव्यानं मोडत होत्या. कालपासून तो तिथंच जाजमावर पडला होता. कडेची एक कवडी सुटली होती. हा कशासाठी शिवला होता, असं कुंदाताईंनी विचारलं, खरंतर विचारायची त्यांना भीतीच वाटत होती.

मानीबाई म्हणाल्या, की नव्या घरात पहिली घागर न्यायची तेव्हा वर झाकायला. याच विहिरीची घागर, याच स्वयंपाकघरात. सारा पावसाळा बसून शिवला.

कुंदाताईंनी त्यांचा हात धरला. अजून घर माझं आहे, त्या म्हणाल्या, आजच घागर भरा, आजच आत न्या, आज आपण दोघी तिथंच रांधू आणि जेवू. मानीबाईंनी नकारार्थी मान हलवली. रागावून नव्हे, लहान मुलाला समजवावं तशी. "इकलेल्या घरात पहिली घागर नेत नाईत, बाई."

मग लखीरामच्या खोलीत तरी न्या, असं म्हणून कुंदाताई स्वतः विहिरीवर गेल्या. धाप लागत होती, तरी रहाट त्यांनी दुसऱ्या कुणाला ओढू दिला नाही. घागर भरली, तिच्यावर तो रुमाल चारी बाजूंनी सारखा टाकला आणि दोघींनी मिळून ती मानीबाईंच्या डोक्यावर चढवली. आरसे उन्हात चमकले. मानीबाई वळल्या, स्वयंपाकघराच्या दारासमोर क्षणभर थांबल्या, आतल्या त्या उंच फडताळाकडे एकदा पाहिलं आणि ओसरीवरून उतरून, घरातून बाहेर, गाडीकडे चालत गेल्या.